कंपनीने बसवून दिलेली गाडीतील ध्वनियंत्रणा सुधारायची आहे. नवख्याने सुरुवात कोठून करावी?

गोदाकाठ (नाशिक) :

नमस्कार.

माझ्याकडे पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्ही इंधनांवर चालणारी लहान गाडी आहे. कंपनीनेच बसवलेला टचस्क्रीन स्टिरिओ, चार दरवाजांत चार स्पीकर आणि पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर एकेक छोटा ट्विटर (वरच्या स्वरांसाठीचा स्पीकर), अशी तिची मूळ व्यवस्था आहे. गाडी अजून वॉरंटीत आहे. कामानिमित्त नाशिक-धुळे रस्त्याने माझे वारंवार जाणे-येणे होते आणि त्या वेळात मी प्रामुख्याने शास्त्रीय गायन, नाट्यगीते आणि अभंग ऐकतो. गाडी उभी असताना आवाज बरा वाटतो. परंतु महामार्गावर वेग ऐंशीच्या पुढे गेला की तानपुरा ऐकू येईनासा होतो, डग्ग्याची घुमक हरवते, आणि आवाज वाढवावा तर गायकाचा स्वर कर्कश होऊन डाव्या दरवाजाचे प्लॅस्टिक थरथरू लागते.

शहरातील एका दुकानात चौकशी केली असता, चारही स्पीकर बदलून डिकीत १२ इंची सबवूफर (केवळ खालच्या स्वरांसाठीचा स्पीकर) आणि 'दोन हजार वॅट'चा ॲम्प्लिफायर बसवावा, सगळे काम एका दिवसात होईल, असे सांगण्यात आले. दुसऱ्या दुकानदाराचे म्हणणे असे की, कंपनीचा स्टिरिओ काढल्याशिवाय बाकी काहीही बदलून उपयोग नाही. माझ्या स्टिरिओला रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरील बटणे जोडलेली असल्यामुळे तो काढण्याची माझी इच्छा नाही, आणि डिकीत सीएनजीची टाकी असल्यामुळे तेथे जागाही नाही.

माझे अंदाजपत्रक एकूण २५ हजार रुपयांचे आहे, आणि ते एकदम खर्च करण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने करणे मला सोयीचे आहे. मल्टिमीटर वापरता येतो, घरातील किरकोळ वायरिंग मी स्वतः करतो, परंतु गाडीचा दरवाजा आजवर कधी उघडलेला नाही. पहिला रुपया कशावर खर्च करावा, वॅटचे हे आकडे कसे वाचावेत आणि वॉरंटीला धक्का न लागता यातील किती काम करता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

तारायंत्र (पुणे) :

आपण टप्प्याटप्प्याने जाण्याचे ठरवले आहे, हे फार चांगले केलेत. सगळे एकाच दिवशी बदलले की कशामुळे काय सुधारले आणि कशामुळे काय बिघडले, हे नवख्या माणसाला शेवटपर्यंत कळत नाही.

प्रथम वॅटविषयी. इंजिन चालू असताना गाडीतील विद्युतदाब १४.४ व्होल्टच्या आसपास असतो. सर्वसाधारण स्टिरिओत हा दाब वाढवणारे वेगळे सर्किट नसते, त्यामुळे स्पीकरला मिळणाऱ्या लहरीचा माथा १४.४ व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही. तिचे आरएमएस मूल्य, म्हणजे शक्तीच्या हिशेबात धरायचा परिणामी दाब, सुमारे १०.२ व्होल्ट होते. त्याचा वर्ग करून ४ ओहमने भागल्यास २६ वॅट येतात. ही झाली कागदावरची कमाल. प्रत्यक्षात आवाज न फाटता एका चॅनेलवर १८ ते २२ वॅटच मिळतात. स्टिरिओच्या खोक्यावर छापलेला '५० वॅट गुणिले ४' हा आकडा लहर पूर्णपणे चेपल्यावरचा असतो, म्हणून खरेदी करताना केवळ आरएमएस वॅट पाहावेत आणि 'पीक' किंवा 'मॅक्स' असा शब्द जोडलेला आकडा विचारातच घेऊ नये. त्या 'दोन हजार वॅट'च्या ॲम्प्लिफायरला किती अँपिअरचा फ्यूज आहे, एवढे दुकानात विचारा. फ्यूज ३० अँपिअरचा असेल, तर आत जाणारी शक्तीच चारशे-साडेचारशे वॅटच्या आत आहे; बाहेर येणारी त्याहून कमीच असणार.

दुसरी गोष्ट स्पीकरच्या संवेदनशीलतेची. एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हे ती सांगते. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्तीचा फरक होय. ८७ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट देऊन जो आवाज मिळेल, तोच ९० डेसिबलचा स्पीकर २० वॅटमध्ये देतो. सध्या ॲम्प्लिफायर घ्यायचा नसल्यामुळे आपल्या दृष्टीने हा आकडा स्पीकरच्या कमाल वॅटपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा: काही उत्पादक हे मोजमाप एका वॅटऐवजी २.८३ व्होल्ट देऊन करतात. चार ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट होतात, त्यामुळे छापील आकडा आपोआप तीन डेसिबलने फुगलेला दिसतो. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचे मोजमाप एकाच पद्धतीचे आहे ना, हे पाहावे.

आता मुख्य मुद्दा. माझे ठाम मत असे आहे की, आपला पहिला रुपया दरवाजावर खर्च व्हावा, आणि स्पीकर त्यानंतर यावा. घरातील स्पीकरला लाकडी पेटी असते. गाडीत दरवाजा हीच पेटी असते, आणि ती भोकांनी भरलेली असते. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरच्या हवेवर दाब पडतो आणि त्याच क्षणी मागच्या हवेचा दाब घटतो. मागची ही उलटी लहर दरवाजाच्या आतील पत्र्यातील मोठ्या खिडक्यांमधून आणि स्पीकरच्या कडेच्या फटीतून पुढे आली की खालच्या स्वरांमध्ये दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. आपली डग्ग्याची घुमक बहुधा येथेच हरवते आहे. महागडा स्पीकर त्याच गळक्या दरवाजात बसवला, तर त्याचीही तीच गत होईल.

यासाठी तीन कामे करावी लागतात. बाहेरच्या पत्र्याला आतील बाजूने अॅल्युमिनियमचा थर असलेली ब्यूटाइल डॅम्पिंग शीट लावावी. संपूर्ण पत्रा मढवण्याची गरज नसते, मोकळ्या सपाट भागाचा पाव ते तृतीयांश भाग झाकला तरी पत्र्याचे झणझणणे थांबते. शीट रोलरने दाबून चिकटवणे आवश्यक असते, केवळ हाताने दाबलेली शीट उन्हाळ्यात सुटते. आतील पत्र्यातील मोठी भोके बंद करावीत, परंतु काचेची मोटर दुरुस्त करायची वेळ आली तर उघडता यावीत म्हणून त्यांवर स्क्रूने बसणारा पातळ कठीण पत्रा लावावा. आणि स्पीकर व पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी देऊन फट पूर्णपणे बुजवावी. डांबराचा आधार असलेल्या स्वस्त शीट मात्र घेऊ नयेत. धुळ्याच्या उन्हात उभ्या गाडीचा पत्रा किती तापतो, हे आपण जाणता. त्या उष्णतेने डांबर मऊ पडते, खाली ओघळते आणि गाडीत महिनोन्महिने वास राहतो.

खर्चाची विभागणी मी अशी करीन: पुढच्या दोन दरवाजांची डॅम्पिंग आणि पुढच्या स्पीकरांची एक चांगली जोडी, एवढ्यावरच निम्म्याहून थोडी अधिक रक्कम; उरलेली हातात राखून ठेवावी. मागच्या दरवाजांना हातही लावू नये, कारण गाडी आपण पुढे बसून चालवता.

आणि हे सगळे करण्यापूर्वी, एक पैसाही खर्च न होणारे काम: बास आणि ट्रेबल दोन्ही शून्यावर आणावेत, 'लाउडनेस' किंवा तत्सम परिणाम बंद करावेत, फोनमधील ॲपमध्ये ध्वनीची गुणवत्ता सर्वोच्च पातळीवर ठेवावी, आणि एकच ध्वनिमुद्रण एकदा ब्लूटूथवरून व एकदा पेनड्राइव्हवरील चांगल्या प्रतीच्या फाइलमधून ऐकावे. स्वरांचा कर्कशपणा पुष्कळदा येथेच निम्मा होतो.

रंकाळा (कोल्हापूर) :

मी व्यवसायाने गाड्यांच्या वायरिंगचे आणि साउंड फिटिंगचे काम करतो. तारायंत्र यांच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. प्रत्यक्ष दरवाजा उघडताना ज्या गोष्टी नवख्याच्या लक्षात येत नाहीत, तेवढ्याच येथे मांडतो.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि काही मिनिटे थांबावे. सीटखाली, खांबाच्या आवरणात किंवा दरवाजात पिवळ्या रंगाचे कपलर किंवा पिवळी वेष्टणे दिसली, तर ती एअरबॅगची आहेत, असे समजून त्यांना स्पर्शही करू नये आणि त्यांवर मल्टिमीटर मुळीच लावू नये. ट्विटर खांबाच्या आवरणात आहेत आणि गाडीला कर्टन एअरबॅग असतील, तर ते आवरण उघडण्याचे काम जाणकारावर सोपवावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

डोअर पॅडचे स्क्रू सहसा हँडलच्या खोबणीत आणि आर्मरेस्टच्या झाकणाखाली लपलेले असतात. ते सगळे काढल्यावरच प्लॅस्टिकच्या पात्याने खालच्या कोपऱ्यापासून एकेक क्लिप सोडवावी. पाचसहा जादा क्लिप आधीच आणून ठेवाव्यात, कारण जुन्या क्लिपांपैकी एखाददुसरी तुटतेच, आणि तुटलेल्या क्लिपवर पॅड तसाच बसवला की तो पुढे कायम वाजत राहतो. डावा दरवाजा थरथरतो, असे आपण लिहिले आहे. पॅड काढण्यापूर्वी गाणे चालू ठेवून पॅडच्या निरनिराळ्या भागांवर तळहात दाबून पाहा. जेथे दाबल्यावर आवाज थांबतो तेथील क्लिप सैल आहे किंवा आतील वायर पॅडवर आपटते आहे. त्यासाठी फेल्टची चिकटपट्टी वायरभोवती गुंडाळणे पुरेसे असते.

पॅडच्या आत पॉलिथिनचा पडदा दिसेल. तो फाडून फेकून देणारे फिटर मी पाहिले आहेत, आणि त्या गाड्या पहिल्या पावसानंतर आतून ओल्या झाल्याची तक्रार घेऊन येतात. काचेच्या रबरातून पावसाचे पाणी दरवाजात उतरणे स्वाभाविक आहे; ते खालच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर जावे आणि गाडीत येऊ नये, यासाठी हा पडदा असतो. म्हणून आतील पत्रा पूर्णपणे सीलबंद करणार नसाल, तर पडदा परत नीट चिकटवावा, आणि डॅम्पिंग शीट लावताना दरवाजाच्या तळाची भोके कधीही बुजवू नयेत.

स्पीकर विकत घेण्यापूर्वी काच पूर्ण खाली करून, भोकाच्या कडेपासून काचेपर्यंतची खोली पट्टीने मोजावी. स्पीकरच्या कागदपत्रांवर बसवणीची खोली दिलेली असते. चुंबक काचेला लागत असेल, तर स्पेसर रिंग घालून स्पीकर पुढे आणावा लागतो, आणि पुढे किती आणता येईल हे पॅडच्या जाळीवर अवलंबून असते. रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) घेऊ नये. ओलाव्याने ती फुगते आणि तिच्यातील स्क्रू सैल होतात. एबीएस प्लॅस्टिकची घ्यावी.

वॉरंटीविषयी: मूळ वायर कापायची नाही, सोलायची नाही, तिला जोडही द्यायचा नाही. आपल्या गाडीच्या मॉडेलचे कपलर बाजारात मिळतात. त्यांचे एक टोक कंपनीच्या सॉकेटमध्ये बसते आणि दुसरे नव्या स्पीकरला जोडले जाते, त्यामुळे उद्या सगळे काढून मूळ स्थितीत आणता येते. कंपनीचे स्पीकर खोक्यात घालून जपून ठेवावेत. आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये अधिकृत ॲक्सेसरीजविषयी आणि बाहेरच्या कामाविषयीच्या अटी आधी लेखी विचारून घ्याव्यात, हे उत्तम. वायर कापलेली दिसली की विद्युत बिघाडाच्या कोणत्याही दाव्यात अडचण येण्याचा संभव असतो.

सीएनजीच्या गाडीत एक काळजी अधिक घ्यावी लागते. टाकीपासून इंजिनपर्यंत जाणारी पोलादी नळी गाडीखालून कोणत्या बाजूने गेली आहे, हे गाडी रॅम्पवर चढवून पाहिल्याशिवाय फ्लोअरमध्ये एकही स्क्रू मारू नये. बॅटरीपासूनची जाड वायर भविष्यात ओढावी लागली, तर ती नळीच्या विरुद्ध बाजूने ओढावी. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) करावी लागते आणि त्यासाठी ती उतरवावी लागते. तिच्यासमोर पेटी ठोकून बसवली, तर प्रत्येक वेळी ती आधी काढावी लागेल. डिकीतील सबवूफरचा विचार सोडून देण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

खर्ज (सोलापूर) :

तारायंत्र यांनी सबवूफरचा उल्लेखच टाळला आहे. सामान्य श्रोत्यासाठी तो क्रम योग्य असेलही, परंतु प्रश्नकर्त्याची तक्रार महामार्गावरची आहे, आणि तेथे माझे मत थोडे वेगळे आहे.

टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून उठणारा गाडीतील आवाज मुख्यतः खालच्या कंप्रतांमध्ये (फ्रिक्वेन्सींमध्ये) साठलेला असतो. तो नेमका संगीताच्या पायाला झाकून टाकतो आणि वरचे स्वर मात्र तसेच उरतात. श्रोता आवाज वाढवतो तेव्हा आधीच ऐकू येत असलेले वरचे स्वर आणखी टोचू लागतात. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. काळी चार पट्टीत गाणाऱ्या गायिकेसाठी हेच आकडे अनुक्रमे २०८ आणि १०४ हर्ट्झ होतात. सहा-साडेसहा इंचांचा दरवाजातील स्पीकर १०४ हर्ट्झ सहज पेलतो, परंतु स्टिरिओच्या वीस वॅटमध्ये, रस्त्याच्या आवाजावर मात करील इतक्या जोराने ६९ हर्ट्झ देताना त्याचा पडदा मर्यादेपर्यंत ताणला जातो, आणि त्याच पडद्यावरून येणारा गायकाचा स्वरही मग गढूळ होतो. दमदार पुरुष आवाज आणि पखवाजाचे ठेके असलेले अभंग ऐकताना आपल्याला हा त्रास अधिक जाणवत असणार.

म्हणून दरवाजे आणि पुढची जोडी झाल्यानंतरचा दुसरा टप्पा म्हणून, ॲम्प्लिफायर आतच असलेला आठ इंची सीटखालचा सबवूफर घ्यावा, असे मी सुचवीन. डिकीची जागा लागत नाही, वायर फार लांब ओढावी लागत नाही, आणि कंपनीच्या स्टिरिओच्या स्पीकर वायरींमधूनच त्याला संकेत देता येतो. तो कोणता घ्यायचा, हे ठरवण्यापूर्वी सीट पुढे-मागे पूर्ण सरकवून खालची उंची मोजावी. तेथे मागच्या प्रवाशांसाठीची एसीची नळी किंवा रंकाळा यांनी सांगितलेले पिवळे कपलर असू शकतात. लो-पास फिल्टर (ठरावीक कंप्रतेखालचेच स्वर जाऊ देणारा) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावा, आणि स्टिरिओत याच्या उलट हाय-पासची सोय असेल, तर दरवाजांतील स्पीकरही त्याच ठिकाणी खालून कापावेत. या एका कृतीने छोट्या स्पीकरांवरचा भार उतरतो आणि गायकाचा स्वर स्वच्छ होतो. सबवूफर वेगळा ऐकू येत असेल, तर त्याची पातळी जास्त आहे. ती इतकी खाली आणावी की तो चालू असताना त्याच्याकडे लक्ष जाऊ नये आणि बंद केल्यावर मात्र तानपुरा पातळ झाल्याचे तत्काळ जाणवावे.

आणखी एक सूचना, तीही शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यासाठीच. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा स्पीकर डाव्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर जवळ असतो. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे उजवा आवाज जवळजवळ दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि गायक उजव्या दरवाजात बसून गात असल्याचा भास होतो. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये 'टाइम अलाइनमेंट' किंवा 'चालकाची जागा' असा पर्याय असेल, तर तो वापरून पाहावा. तो नसेल, तर बॅलन्स एकदोन घरे डावीकडे सरकवावा.

भाट्ये (रत्नागिरी) :

किनाऱ्याजवळ राहणाऱ्या वाचकांसाठी एक पुरवणी. दमट हवेत साध्या कागदी पडद्याचे स्पीकर पावसाळ्यात लवकर खराब होतात. पॉलिप्रॉपिलीनचा पडदा आणि रबरी कडा असलेला स्पीकर येथे टिकतो. स्पीकरच्या वरच्या बाजूला, दरवाजाच्या आत, पाणी अडवणारी छोटी प्लॅस्टिकची पन्हळ असेल, तर ती फिटरकडून परत बसवून घ्यावी. टर्मिनलवर गंज चढू नये म्हणून मी श्रिंक ट्यूब घालूनच जोड देतो. नाशिककरांना याची तितकी गरज भासणार नाही, पण घाटावरून कोकणात येणाऱ्या गाड्या काही कमी नाहीत.

गोदाकाठ (नाशिक) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या तपशिलाने कोणी लिहील, अशी अपेक्षा नव्हती.

तारायंत्र यांनी सांगितल्याप्रमाणे आधी सेटिंग बदलून ऐकले. लाउडनेस बंद केल्यावर आणि पेनड्राइव्हवरून ऐकल्यावर कर्कशपणा खरोखरच कमी झाला. त्यानंतर एका परिचित मेकॅनिकच्या मदतीने डावा दरवाजा उघडून पाहिला. कंपनीचा स्पीकर प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेला आहे. त्याचे चुंबक लहान आहे, पडदा कागदी आहे, आणि चौकट व पत्रा यांच्यामध्ये फोम नसल्यामुळे खालच्या बाजूला बोटाचे नख जाईल एवढी फट आहे. पॉलिथिनचा पडदा एका कोपऱ्यात सुटलेला होता. थरथरणारी वस्तू म्हणजे काचेच्या बटणाकडे जाणारी वायर निघाली. काच खाली असताना खोली ६ सेंटिमीटरच्या थोडी वर भरते. वायर काढून मल्टिमीटर लावला असता स्पीकरचा रोध ३.४ ओहम दिसतो.

आता तीन शंका आहेत. हा स्पीकर चार ओहमचाच समजावा काय? को-ॲक्सिअल (मुख्य स्पीकर आणि ट्विटर एकाच चौकटीत असलेले) घ्यावेत की कंपोनंट (दोन्ही वेगवेगळे असलेले)? आणि पुढे कधी चार चॅनेलचा छोटा ॲम्प्लिफायर घ्यायचे ठरवले, तर त्याचा गेन (स्टिरिओच्या संकेताशी जुळवायची पातळी) कानाने न ठरवता मोजून कसा ठरवावा?

तारायंत्र (पुणे) :

आपली तपासणी नेमकी झाली आहे. ३.४ ओहम हे कॉइलचा नुसता डीसी रोध दाखवणारे मोजमाप आहे. नाममात्र चार ओहमच्या स्पीकरचे ते साधारण ३.२ ते ३.७ च्या दरम्यान येते. आपला स्पीकर चार ओहमचाच आहे आणि नवीनही चार ओहमचाच घ्यावा. दोन ओहमचा स्पीकर अधिक जोरात वाजतो म्हणून सुचवला गेला, तरी स्टिरिओच्या आयसीवर त्यामुळे दुप्पट प्रवाहाचा ताण पडतो, त्यामुळे तो टाळावा.

आपल्या गाडीत खांबांवर ट्विटरची जागा आधीच असल्यामुळे कंपोनंट घेणे श्रेयस्कर आहे. येथे एक गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते. कंपनीचा ट्विटर एका छोट्या कपॅसिटरमधून दरवाजाच्या स्पीकरला समांतर जोडलेला असतो. दरवाजात को-ॲक्सिअल बसवून जुना ट्विटर तसाच ठेवला, तर एका बाजूला दोन ट्विटर वाजू लागतात, वरच्या कंप्रतांमध्ये एकूण रोध घटतो आणि स्वर पुन्हा टोचू लागतो. म्हणून को-ॲक्सिअल घेतले, तर जुने ट्विटर काढून टाकावेत, आणि कंपोनंट घेतले, तर त्यांच्यासोबत आलेला क्रॉसओव्हरच (वरचे व खालचे स्वर वेगळे करून देणारे सर्किट) वापरावा. आपल्या गाडीत वायर स्टिरिओकडून आधी ट्विटरला जाते की दरवाजाला, हे कपलर घेतानाच पाहून घ्यावे. क्रॉसओव्हर कोठे ठेवायचा हे त्यावर ठरते. तो दरवाजात ठेवावा लागला, तर पाण्याच्या वाटेपासून दूर, कोरड्या बाजूला ठेवावा.

जोडणी झाल्यावर ध्रुवता तपासावी. पॅड बसवण्यापूर्वी वूफरच्या वायरींना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावावा. धन टोक धनाला लागले असता पडदा बाहेर आला पाहिजे. दोन्ही बाजूंना तसेच घडले, तर जोडणी बरोबर आहे. एका बाजूची वायर उलटी झाली, तर गायक मध्यभागी न राहता विखुरतो आणि खालचा स्वर नाहीसा होतो. दुकानात झालेल्या कामातही ही चूक आढळते.

ॲम्प्लिफायर घेताना त्यात 'हाय लेव्हल इनपुट' आहे ना, हे पाहावे, म्हणजे कंपनीचा स्टिरिओ न काढता त्याच्या स्पीकर वायरींतूनच संकेत घेता येईल. खर्ज यांच्या सूचनेप्रमाणे सीटखालचा सबवूफर आधी घेतला, तरी माझी हरकत नाही. महामार्गाविषयीचे त्यांचे विवेचन मला पटले आहे, आणि आपल्या श्रवणाच्या दृष्टीने तोच क्रम योग्य ठरेल.

गेन मोजण्याची पद्धत अशी आहे. ॲम्प्लिफायरचे आरएमएस वॅट गुणिले स्पीकरचे ओहम करून त्याचे वर्गमूळ काढावे. ५० वॅट गुणिले ४ म्हणजे २००, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १४.१ व्होल्ट. स्पीकर सुटे करावेत, गेन किमान ठेवावा, बास-ट्रेबल शून्यावर असावेत, इंजिन चालू असावे. पूर्ण पातळीवर ध्वनिमुद्रित केलेला ४०० हर्ट्झचा चाचणी स्वर पेनड्राइव्हवरून लावून स्टिरिओचा आवाज सुमारे तीन चतुर्थांशावर न्यावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला लावावा आणि १४.१ व्होल्ट दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवावा. पुष्कळ ठिकाणी १ किलोहर्ट्झचा स्वर सुचवलेला असतो, परंतु स्वस्त मल्टिमीटर त्या कंप्रतेवर चुकीचे आकडे दाखवू शकतात, म्हणून ४०० हर्ट्झ बरे. गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे; तो यापुढे नेला की लहरीचे माथे कापले जातात, आणि अशा कापलेल्या लहरीनेच ट्विटर जळतात.

रंकाळा (कोल्हापूर) :

ॲम्प्लिफायरची किंवा सबवूफरची वायर टाकण्याची वेळ येईल, तेव्हा एका बाबतीत तडजोड करू नये. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरवरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असला पाहिजे. हा फ्यूज वायरच्या संरक्षणासाठी असतो. वायर पुढे कोठेही घासून बॉडीला टेकली आणि फ्यूज तिच्या आधीच्या भागात नसेल, तर बॅटरीचा सगळा प्रवाह त्या वायरमधून जातो आणि गाडी पेट घेऊ शकते. वायर बॉनेटमधून आत घेताना रबरी ग्रोमेटमधूनच घ्यावी, उघड्या पत्र्याच्या कडेवरून कधीही नाही.

वायरची जाडी हिशेबाने ठरवावी. चार चॅनेलवर ५० वॅट, म्हणजे एकूण २०० वॅट आरएमएस देणारा क्लास डी ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तर तो २५० वॅट खेचतो, १३.८ व्होल्टवर हे १८ अँपिअर होतात. त्यासाठी ८ गेजची, म्हणजे सुमारे ८ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २५ ते ३० अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे. अर्थिंगची वायरही तेवढ्याच जाडीची आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत असावी, आणि ती जेथे बोल्टने आवळायची तेथील रंग पूर्णपणे खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्यावा. इंजिनच्या वेगाबरोबर वर-खाली होणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू आली, तर पहिला संशय याच जागेवर घ्यावा.

बाजारात मिळणाऱ्या तयार किटमधील वायर पुष्कळदा अॅल्युमिनियमची असते आणि तिच्यावर तांब्याचा केवळ मुलामा असतो. तिचा रोध अधिक असल्यामुळे त्याच कामासाठी ती एक-दोन पायऱ्या जाड घ्यावी लागते, आणि आवळलेल्या जागी ती कालांतराने सैल पडते. ओळखण्यासाठी एक तार पात्याने खरवडून पाहावी: आतून पांढरी निघाली, तर ती परत करावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शुद्ध तांब्याची वायर मीटरवर मिळते; नाशिकमध्येही इलेक्ट्रिकलच्या चांगल्या दुकानात चौकशी केल्यास मिळेल. किटमधील फ्यूज-होल्डर आणि ग्रोमेट चांगले असतील, तर ते ठेवावेत आणि वायर तेवढी बदलावी.